गाडी न्यायला नाही, पोहोचायला: सीमाभागात पॅरामेडिकची मोटार कशी काम करते

"अवो, घाला की आता गाडीत! बघत काय बसलासा?"

अकरा वर्षांत हे वाक्य उचगावात ऐकलं, जांबोटीत ऐकलं, तवंदी घाटाखाली रात्री दोन वाजता भर हायवेवर ऐकलं. म्हणणाऱ्याला मी कधी दोष दिला नाही. घरातला कर्ता माणूस छाती धरून बसलाय, दारात गाडी उभी आहे, आणि तिच्यातून उतरलेला माणूस पेशंटला उचलायचं सोडून शेजारी मांडी घालून बीपीचा पट्टा गुंडाळतोय. कोणीही चिडेल.

पण ती गाडी पेशंटला न्यायला आलेलीच नसते. तिच्यात झोपवायला जागा नसते. ॲम्ब्युलन्सच्या दहा-वीस मिनिटं आधी, कधी चाळीस मिनिटं आधी, शिकलेला एक माणूस आणि त्याच्या बॅगा जागेवर पोहोचवणं एवढंच तिचं काम. आधी सहा वर्षं मी ॲम्ब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार देणारा प्रशिक्षित माणूस, होतो. नंतर एका डॉक्टरांच्या देखरेखीखाली आम्ही तिघांनी मिळून एक जुनी बोलेरो अशी "पहिली गाडी" म्हणून चालवली. बेळगाव-खानापूर भागातली युवक मंडळं आता विचारायला येतात, की ॲम्ब्युलन्स परवडत नाही, पण अशी गाडी काढू का? त्यांच्यासाठी आणि या कामात येऊ पाहणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय.

मुळात कल्पना काय

इंग्लंडमध्ये हिला रॅपिड रिस्पॉन्स कार म्हणतात. साधी मोटार, बहुतेक वेळा आत एकटा पॅरामेडिक, डिकीत मॉनिटर, ऑक्सिजन आणि औषधं. तिथे सर्वांत गंभीर कॉलना सरासरी ७ मिनिटांत पोहोचायचं लक्ष्य असतं, आणि मोठ्या ॲम्ब्युलन्सपेक्षा मोटार गर्दीतून लवकर निघते. जर्मनीत तर डॉक्टर मोटारीतून वेगळा येतो, ॲम्ब्युलन्स वेगळी येते, आणि दोघांची गाठ पेशंटपाशी पडते.

आपल्याकडे हे परकं आहे असं नाही. ॲम्ब्युलन्स कशा असाव्यात हे सांगणारं एआयएस-१२५ नावाचं भारतीय मानक आहे. त्यात चार प्रकार आहेत आणि पहिला, म्हणजे टाइप ए, हाच आहे: जागेवर उपचार देणारं, पण पेशंट न नेणारं वाहन. कर्नाटकात १०८ ची आरोग्य कवच सेवा २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये तिला दुचाकी ॲम्ब्युलन्सची जोड मिळाली. दुचाकीवर पेशंट नेता येत नाही हे सगळ्यांना पटतं. मोटारीच्या बाबतीत मात्र पटत नाही, कारण तिला मागची सीट असते.

न नेण्यातच तिचा फायदा आहे. कणकुंबीहून पेशंट घेऊन निघालेली ॲम्ब्युलन्स बेळगावात पोहोचणार, केसपेपर होणार, स्ट्रेचर मोकळं व्हायची वाट बघणार, परत चोर्ल्याच्या रस्त्याला लागणार. तीन तास त्या भागाला ॲम्ब्युलन्स नाही. पहिल्या गाडीतला माणूस पेशंट ॲम्ब्युलन्सच्या हवाली करतो आणि अर्ध्या तासात आपल्या जागी परत येतो. ज्या दिवशी तुम्ही भीड पडून त्या गाडीत पेशंट घालाल, त्या दिवशी तुमच्याकडे दोन वाईट ॲम्ब्युलन्स झाल्या आणि पहिली गाडी एकही उरली नाही.

पहिली पायरी: माणूस, मग वही, मग गाडी

मंडळं उलट्या क्रमाने जातात. आधी देणगी, मग गाडी, मग तिच्यावर नावं, उद्घाटन, आणि शेवटी "कोण बसणार रे हिच्यात?"

आधी प्रशिक्षित माणूस शोधा. इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, या पेशाला २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतलं आहे. म्हणजे दोन दिवसांच्या प्रथमोपचार शिबिराचं सर्टिफिकेट घेऊन कोणी पॅरामेडिक होत नाही. शिबिर केलेला पोरगा उत्तम ड्रायव्हर-मदतनीस होतो, आणि तोही हवाच. परदेशात एकटा पॅरामेडिक चालतो कारण मागची गाडी काही मिनिटांवर असते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात एकट्याने जाऊ नये. दोघं हवेत.

दुसरं, डॉक्टर. पॅरामेडिक स्वतःच्या मनाने औषधं देत नाही. कोणत्या लक्षणाला कोणतं औषध, किती, कुठे थांबायचं आणि कधी फोन करायचा, हे सगळं डॉक्टरांच्या सहीने लिहिलेल्या वहीत असतं. १०८ मध्ये हे काम कॉल सेंटरमध्ये बसलेले डॉक्टर फोनवरून करतात. पुढे मी जे डोस लिहिणार आहे ते त्या वहीतले समजा, घरी करून बघायचे नाहीत.

गाडी शेवटी. सायरन आणि रंगीत दिवा परवानगीशिवाय लावता येत नाही, आरटीओत जाऊन रीतसर विचारा. खरं सांगायचं तर सायरनने आमचा फार वेळ वाचला नाही. गावात तो वाजला की सगळी आळी दारात जमते आणि बॅग घेऊन आत शिरायला वाट राहत नाही.

बॅगा

आम्ही तीन ठेवायचो. लाल बॅग श्वासाची: हाताने दाबून श्वास द्यायची ॲम्बू बॅग मोठ्यांची आणि लहान मुलांची, सर्व मापांचे मास्क, घशातल्या नळ्या, तोंडातली लाळ-उलटी ओढून काढणारं हाताने चालणारं सक्शन. निळी बॅग औषधांची आणि सलाईनची. तिसरी रक्ताची: पट्ट्या, मोडलेला हात-पाय स्थिर ठेवणारे स्प्लिंट, मानेची कॉलर, रक्त थांबवायला आवळायचा पट्टा म्हणजे टूर्निके, कात्री. यांशिवाय एईडी (थांबलेल्या हृदयाला शॉक देणारं यंत्र) किंवा मॉनिटर, ऑक्सिजन, ग्लुकोमीटर, पल्स ऑक्सिमीटर आणि बाळंतपणाचं सीलबंद किट.

ऑक्सिजनचा हिशोब तोंडपाठ हवा. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये, गुणिले काट्यावरचा दाब बारमध्ये, म्हणजे आत किती लिटर वायू आहे ते. साडेचार लिटरचा छोटा सिलिंडर १५० बारला भरलेला असेल तर ६७५ लिटर. मिनिटाला १५ लिटरने सोडला तर ४५ मिनिटं. ॲम्ब्युलन्स बेळगावहून निघून भीमगडच्या जंगलातल्या वाडीच्या फाट्यावर यायची असेल तर ४५ मिनिटं पुरत नाहीत. म्हणून दोन सिलिंडर, आणि सगळ्यांना सरसकट १५ लिटर लावायचा नाही. बहुतेकांना ऑक्सिमीटरवर ९४ ते ९८ टक्के पुरे. जुना दमा-बिडीवाला, फुफ्फुसं खराब झालेला पेशंट असेल तर ८८ ते ९२ वर थांबायचं.

उन्हाचंही लक्षात ठेवा. एप्रिलमध्ये बंद बोलेरो भट्टी होते. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. डिकीत महिनाभर पडलेली अँप्युल टोचून उपयोग होत नाही. बर्फाच्या पॅकची छोटी पेटी ठेवा, किंवा डॉक्टरांना विचारून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या ठेवा, त्यांना थंडावा लागत नाही.

दुसरी पायरी: कॉल, आणि "कुठलं खानापूर?"

सीमाभागात वेळ सर्वांत जास्त कुठे जात असेल तर पत्त्यात.

एक तर टॉवर. निपाणीच्या वरच्या बाजूला, किंवा बाची ओलांडून शिनोळीकडे गेलात की मोबाईल कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो ते कळत नाही. मग १०८ लावला की बेंगळूरऐवजी पुण्यात वाजतो. उलटही होतं, चंदगडकडच्या माणसाला पलीकडून कन्नडमध्ये "हेळी" (सांगा) ऐकू येतं. दोन्हीकडे चांगलीच माणसं बसलेली असतात, पण पहिलं वाक्य चुकलं की गाडी दुसऱ्याच राज्यात शोधली जाते. म्हणून आजाराच्या आधी राज्य आणि जिल्हा सांगायचा: "कर्नाटक, जिल्हा बेळगावी, तालुका खानापूर." खानापूर तालुका सांगली जिल्ह्यातही आहे. उचगाव बेळगावजवळ आहे तसं कोल्हापूरच्या वेशीवरही आहे. सुळगे तर बेळगाव तालुक्यातच दोन, एक उचगावकडचं, एक येळ्ळूरकडचं. सरकारी यादीत बेळगावी असतं, आपल्या तोंडात बेळगाव. फोनवर अभिमान बाजूला ठेवून यादीतलं नाव घ्या, दोन मिनिटं वाचतात.

हायवेवर आणखी एक प्रश्न विचारायचा: गाडी कोल्हापूरकडे तोंड करून पडलीय की बेळगावकडे? मध्ये दुभाजक आहे. वंटमुरी घाटात चुकीच्या बाजूने गेलं की पेशंट समोर दिसतो आणि पोहोचायला लांबचा वळसा.

आम्ही एक नियम केला होता. आम्हाला गावातून थेट फोन आला तरी पहिला कॉल १०८ ला गेलाय की नाही ते विचारायचं, नसेल तर आम्हीच लावायचा, आणि मगच गाडी सुरू करायची. पहिल्या गाडीमागे दुसरी निघालीच नसेल तर आपण तिथे जाऊन फक्त साक्षीदार होतो.

वाटेत असताना फोन करणाऱ्याला फाट्यावर माणूस उभा करायला सांगायचं. रात्री असेल तर हातात पेटती बॅटरी घेऊन. आणि घराचं दार उघडा, अंगणातली चूल विझवा, कुत्रं बांधा, या तिन्हींची आठवण द्यायची. हसू नका, माझ्या पोटरीवर खूण आहे.

तिसरी पायरी: जागेवरची पहिली दोन मिनिटं

ऊसतोडीच्या दिवसांतला एक कॉल सांगतो. संकेश्वरकडून चिकोडीला जाणारा रस्ता, रात्री अकराच्या पुढे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि त्यावर मागून आदळलेली मोटारसायकल. पोरगा वीस-बावीसचा, ट्रॉलीच्या मागच्या चाकाशी पडलेला. भोवती पंधरा माणसं. चौघांनी त्याला हातापायांना धरून उचलायची तयारी केलेली, पाचवा पाणी पाजायला टपलेला.

उतरल्यावर पेशंटकडे धावायचं नाही. आधी गाडी अपघाताच्या अलीकडे तिरकी उभी, पार्किंगचे चारी दिवे चालू, म्हणजे मागून येणारा आपल्या गाडीला आदळेल, माणसांना नाही. रस्त्यावर फांद्या टाकून इशारा द्यायची आपली पद्धत उत्तम आहे. फक्त दगड टाकू नका, आणि काम झाल्यावर फांद्या उचला. ट्रॅक्टर बंद करून किल्ली आपल्या ड्रायव्हर-मदतनिसाकडे. मग हातमोजे.

मग क्रम, आणि तो कधी बदलत नाही. उसळून वाहणारं रक्त असेल तर आधी ते. त्यानंतर श्वासाची वाट, श्वास, नाडी, शुद्ध. त्या पोराची मांडी वाकडी होऊन फुगली होती, बाहेर रक्त अगदी थोडं. गर्दीला वाटत होतं, फक्त पायच मोडलाय. मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत लिटरभर, कधी त्याहून जास्त रक्त साचतं. नाडी १३०, हात गार, कपाळावर घाम. दोघांना मान धरायला बसवलं, पाय हळू सरळ करून स्प्लिंट लावला, अंगावर चादर टाकली, एक सलाईन लावलं पण धो धो सोडलं नाही, आणि डॉक्टरांना विचारून रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत हळूहळू दिलं. हे औषध मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच कामाचं. २२ मिनिटांनी ॲम्ब्युलन्सचा दिवा दिसला तेव्हा तो आईचा नंबर सांगत होता.

त्या चौघांनी त्याला उचलून जीपमध्ये दुमडलं असतं तर काय झालं असतं, ते मी त्यांना तिथे बोललो नाही. त्यांना कामाला लावलं. गर्दी हाकलून जात नाही. तिला काम दिलं की ती मदत होते: तू बॅटरी धर, तू वाहनं सोड, तू घरच्यांना फोन लाव.

मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४अ मुळे अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर सद्हेतूने केलेल्या मदतीसाठी कारवाई होत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. कर्नाटकाचा तर २०१६ चा स्वतःचा वेगळा कायदा आहे. आणि २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचाराची केंद्रीय योजना आहे. ही माहिती छापून डॅशबोर्डला चिकटवा. वादात ती वाचून दाखवावी लागते.

छातीतलं दुखणं, आणि थांबलेलं हृदय

छातीत दुखणाऱ्या माणसाला चालवायचं नाही, पायऱ्या उतरवायच्या नाहीत. बसवा, ईसीजी काढा, डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवा. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅम चावून. गिळून नाही, चावून.

जिभेखालच्या सॉर्बिट्रेटबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्या गावांत ती गोळी शेजारची काकूसुद्धा देते. हृदयाच्या खालच्या-उजव्या भागाचा झटका असेल आणि वरचं बीपी आधीच ९० पर्यंत उतरलेलं असेल, तर ती गोळी बीपी आणखी पाडते आणि बोलता माणूस मान टाकतो. आधी बीपी, आधी ईसीजी, मग गोळीचा विचार. पोहोचल्यावर माझा पहिला प्रश्न हाच असतो: "तात्यांना कोणी काय दिलंय?" खरं उत्तर मिळायला दोनदा विचारावं लागतं.

हृदयच थांबलं असेल तर मात्र सगळं बाजूला. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची, आणि एईडीचे पॅड जितक्या लवकर चिकटतील तितकं बरं. शॉक लागणारी लय असेल तर प्रत्येक मिनिटाच्या उशिराला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. पहिल्या गाडीचं अस्तित्व या एका आकड्यावर उभं आहे. नंतर ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम दर तीन ते पाच मिनिटांनी, वहीप्रमाणे.

दोघंच असलात तर दाबायला गावातली पोरं घ्या. तालमीतली पोरं यासाठी पहिल्या नंबरची. दम असतो, ताल असतो, आणि "खाली दाब, पूर्ण सोड" हे एकदा सांगितलं की बास. फक्त दर दोन मिनिटांनी बदला, तो "मी थकलो नाही" म्हणाला तरी. थकलेल्या हाताला आपली खोली कमी झालेली कळत नाही.

आणि हे उचलून न्यायचं दुखणं नाही. चालत्या गाडीत छाती नीट दाबली जात नाही. जमिनीवर, घरातच, सपाट जागेवर. इथेच ते "घाला गाडीत" सर्वांत मोठ्याने येतं आणि इथेच ते ऐकायचं नसतं. मी एकच वाक्य ठरवून ठेवलंय: "मामा, दवाखान्यात पहिली वीस मिनिटं जे करतील तेच आत्ता चालू आहे." बहुतेक वेळा माणसं ऐकतात.

आषाढीची आजी

खानापूरजवळचं एक गाव, दुपारचे साडेतीन. "आजीला लकवा मारला" असा कॉल. आजी ओसरीवर पडलेली, तोंड वाकडं वाटतंय, बोलत नाही, अंग घामाने ओलं. कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरलेला. ग्लुकोमीटरवर आकडा ३८.

आषाढी एकादशी होती. आजीने सकाळी शुगरची गोळी नेमाने घेतली होती आणि उपासही नेमाने धरला होता.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर कोंबायची नाही, ती फुप्फुसात जाते. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलि, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. चार-पाच मिनिटांत आजीने डोळे उघडले, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि नातवाला म्हणाली, "गुरांना पाणी दाखवलंस काय रे?"

आता नातू म्हणतो, ॲम्ब्युलन्स परत पाठवा. इथे पॅरामेडिकची खरी परीक्षा. इंग्लंडमधल्या त्या मोटारीला जागेवर उपचार करून ॲम्ब्युलन्स रद्द करायचा अधिकार असतो, आणि कित्येकदा तेच बरोबरही असतं. पण आजीची गोळी ग्लिमेपिराइड जातीची होती. तिचा असर बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा खाली येते, रात्री, सगळे झोपल्यावर. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, दाखल करा. आजीला पेढा खायला लावून (उपास मोडला म्हणून ती आमच्यावर रुसली) ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं.

शुद्ध हरपलेल्या, बरळणाऱ्या, लकवा वाटणाऱ्या प्रत्येकाची शुगर तपासायची, अपवाद नाही. शुगर बरोबर असेल आणि तोंड, हात, बोलणं गेलेलं असेल तर मग घड्याळ. "कधीपासून?" असं विचारू नका, "शेवटचं धड कधी बघितलं?" असं विचारा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांची मर्यादा आहे आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून असा पेशंट जवळ पडतो म्हणून भलत्याच दवाखान्यात उतरवायचा नाही, जिथे स्कॅन आहे तिथेच.

साप आणि फवारणीचं औषध

पावसाळ्यात आमची निळी बॅग या दोहोंसाठीच भरलेली असायची.

साप चावल्यावर पहिल्या गाडीतून विषावरचं औषध देत नाहीत. ते रुग्णालयातच, कारण त्याचीच तीव्र ॲलर्जी येऊ शकते. मग गाडी काय करते? करकचून बांधलेली सुतळी आमच्या नजरेखाली सोडवते, चावलेला हात किंवा पाय स्प्लिंटने स्थिर करते, आणि तालुक्याच्या दवाखान्यात फोन करून विचारते: ॲन्टी-व्हेनम किती बाटल्या आहेत? सुरुवातीलाच साधारण १० बाटल्या लागतात. दोन असतील तर पुढे जायचं हे वाटेत कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ते औषध चालतं, म्हणून साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही.

मण्यार फसवते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, पहाटे पोट दुखतं, आणि मग पापण्या जड होतात. पापण्या पडायला लागल्या की पुढचा नंबर श्वासाचा. अशा वेळी पॅरामेडिकचं काम एकच आहे, ॲम्बू बॅगने श्वास देत राहणं. तासभर दिला तर माणूस वाचतो. हात दुखतात एवढंच. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंश नोंद करण्याजोगा आजार ठरवला आहे, त्यामुळे वहीत वेळ आणि ठिकाण नीट लिहा.

कीटकनाशक प्यायलेल्याला उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी नाही. हातमोजे घालून कपडे काढा, अंग धुवा. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर असेल तर त्या विषावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन. नवीन पोरं पाच अँप्युल घेऊन निघतात. हिशोब बघा: एक अँप्युल ०.६ मिलिग्रॅम. सुरुवात १.८ ने केली तर तीन. पाच मिनिटांत छाती कोरडी झाली नाही तर दुप्पट, सहा. पुन्हा दुप्पट, बारा. दहा मिनिटांत २१ अँप्युल संपल्या. आम्ही पन्नास ठेवायचो. आणि त्या घरात कोणालाही "का प्यायला" असं विचारायचं नाही. ते आपलं काम नाही.

चौथी पायरी: कुठे न्यायचं, आणि हवाली करणं

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. नकाशावरची रेघ पेशंटच्या रक्तवाहिनीला माहीत नसते. पण ॲम्ब्युलन्स कर्नाटकाची असेल तर ती राज्याबाहेर जाईल का, हे आधीच विचारून ठेवायला हवं, ऐन वेळी नाही. कार्डाचाही घोळ असतो. इकडे आरोग्य कर्नाटक, तिकडे महात्मा फुले योजना. सीमाभागातल्या ८६५ गावांना ती योजना द्यायचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला, त्यावर दोन सरकारांत वादही झाला. जीव धोक्यात असताना या कशाचाच विचार पॅरामेडिकने करू नये. जिथे ती सोय आहे आणि जे लवकर येतं ते, मग बेळगावचं जिल्हा रुग्णालय असो, नेहरूनगरचं केएलई रुग्णालय असो की कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय). ही यादी आम्ही शांत दिवशी बनवली होती: कुठे सीटी, कुठे रात्रीही हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडणारी कॅथलॅब, कुठे रक्तपेढी.

ॲम्ब्युलन्स आली की ईएमटीला एका दमात सांगायचं. वय, वेळ, काय झालं, काय सापडलं, नाडी-बीपी-ऑक्सिजन-शुगर, काय दिलं आणि किती वाजता. अर्ध्या मिनिटात बसलं पाहिजे. मी वेळा हातमोज्याच्या मागे पेनने लिहायचो. एकदा मोजा कचऱ्यात गेला आणि ॲड्रेनलिनची वेळही गेली. तेव्हापासून पांढरी चिकटपट्टी मांडीवर, पॅन्टला. ती काढून सरळ त्यांच्या कागदावर चिकटवायची.

पेशंट फारच अवघड असेल तर पॅरामेडिक ॲम्ब्युलन्समध्ये चढतो आणि मदतनीस रिकामी गाडी मागून आणतो. ही एकच सूट.

परत आल्यावर

इथे आळस होतो आणि पुढचा कॉल इथेच बिघडतो. वापरलेल्या सुया पंक्चर न होणाऱ्या डब्यात. सक्शनची बाटली धुऊन. मॉनिटरची बॅटरी चार्जिंगला, दुसरी भरलेली आत. सिलिंडरचा काटा वाचून वहीत आकडा. फोडलेल्या अँप्युल मोजून तितक्याच नव्या, एक्सपायरी जवळची वरच्या कप्प्यात. बॅगेला प्लॅस्टिकचं नंबरी सील, नंबर वहीत, म्हणजे पहाटे कॉल आला तर बॅग उघडून बघत बसायला नको. स्प्लिंट आणि चादर ॲम्ब्युलन्ससोबत गेली असेल तर त्यांना फोन. दोन दिवसांनी नाही, त्याच रात्री.

मग चहा. आणि चहाच्या आधी बोलेरो उलटी लावायची, तोंड रस्त्याकडे.